हिरव्या डोळ्यांची भिंत

"हर्षा, आत नको जाऊ! थे बाई रडून राहिली!" शेजारचा विक्की दारातच थबकला.

खरंच! दिवसाढवळ्या रिकाम्या घरातून आवाज येत होता, "हूऽऽऊऽऽ..." आणि समोरच्या भिंतीवर हिरवे डोळे हलत होते. एक-दोन नाही, शेकडो!

उन्हाळ्याच्या सुट्टीत हर्षा दवनीवाड्याला तुलसामावशीकडे आली होती. मावशी पाडलेल्या राइस मिलच्या विटा, दारं आणून नवं घर बांधत होती. पश्चिमेची भिंत तर टाकाऊ हिरव्या बाटल्यांची! दिवसा दिवा लावावाच लागू नये, ही तिची हौस. पण भिंत उभी राहिली आणि रडणं सुरू झालं. मजूर पळाले.

"मिलीत मेलेली बाई विटांसंगं आली," डोमनलाल मिस्त्री सकाळीच म्हणाले होते. "उद्या भिंत पाडतो."

मावशी एकेका बाटलीवरून हात फिरवत राहिली होती.

हर्षानं हात पुढे केला. एक हिरवा डोळा तळहातावर उतरला. बाटलीतून आलेलं ऊन होतं! बाहेरच्या कडुनिंबाची पानं हलली की तो हलायचा.

"मंग रडते कोण?" विक्की कुजबुजला.

तेवढ्यात वारा पडला. रडणंही थांबलं!

दोघं भिंतीमागे धावले. बाहेरच्या बाजूला बाटल्यांची तोंडं उघडीच होती! विक्कीनं एकीवर फुंकर मारली. "हूऽऽ!" तो स्वतःच दचकून मागे पडला.

संध्याकाळपर्यंत दोघांनी ओल्या मातीनं सगळी तोंडं बुजवली.

दुसऱ्या दुपारी डोमनलाल घण घेऊन आले. वारा सुटला. घर मात्र चूप!

"काका, बाईला बोलावू का?" विक्की हळूच बाहेर गेला आणि चार तोंडांची माती काढली.

"हूऽऽऊऽऽ!"

मिस्त्रींच्या हातून घण पडला. विक्की हसतच आत आला. "बाटलीचं तोंड होय ना काका! काऊन नाही बुजवलं?"

"घाईत राहूनच गेलं..." ते ओशाळले.

"माझं घर वाचवलं रे पोरांनो!" मावशीनं दोघांना कवटाळलं.

शेजारच्या धुरपताबाईंनी तीस वर्षं त्या मिलमध्ये धान पाखडलं होतं. त्या काठी टेकत आत आल्या. "मिलीत कोणी मेली नाही रे. तिथं दिवसाबी अंधार होता फक्त. लय हुशार पोरं तुमी!"

आणि हिरव्या उजेडात त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.