जऊळक्यापर्यंत

मंगरूळच्या बाजारात माझ्या डोक्यावरची वांग्यांची पाटी खाली आली, ती शालिकरामच्या सायकलमुळे. दर्ग्याच्या वळणावरून तो सुसाट आला, मला पाहून त्यानं ब्रेक दाबला आणि... स्वतःच आडवा झाला. मी दचकले, पाटी सुटली आणि वांगी रस्ताभर घरंगळली.

"डोये फुटले का रे तुहे?" मी ओरडले.

"फुटले नाईत वं," धूळ झटकत तो म्हणाला. "पाहून राह्यलो होतो मनूनच तं पडलो!"

हसू आलं, पण मी ते पदरात दाबलं. हिरीबाई माळणीचा हा मुलगा. बाजाराच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वांगी वेचता वेचता त्यानं विचारलं, "तू दौलतरावची तुळसा ना? सातवी पास झालेली?"

"झाली पास. पन आता वांगेच इकनं हाये."

"काहून?"

का कोण जाणे, पण मी सांगून टाकलं. अकोल्याला मास्तरणीच्या शिक्षणासाठी मुली निवडणार होते. पुढच्या महिन्यात तिथं हजर राहायचं होतं. पण लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटर आज निघेल की आठवड्यानं, कुणी सांगू शकत नव्हतं. बैलगाडीनं जावं, तर गावोगावचे बैल खुरकतीनं बसलेले.

शालिकरामनं शेवटचं वांगं पाटीत टाकलं. मग म्हणाला, "जऊळक्याहून आगगाडी भेटते. तितलोक सायकलनं जाय."

"मी? बाईमानूस?"

"सायकलले काय मालूम, वर कोन बसलं ते?"

मळ्यात विषय काढला तेव्हा माझी माय गिरजाबाई कपाळाला हात लावून बसली. बा मात्र वाफ्यात पाणी सोडत होता. वाफा भरला, तसं त्यानं पाणी वळवलं. शेवटी फावडं टेकवून म्हणाला, "शीक. पन माह्या मळ्याच्या पांदनीतच. आन तुही माय समोर बसली पाह्यजे."

मग रोज दिवस कलता शालिकराम सायकल घेऊन यायचा. माय बांधावर मिरच्या खुडत बसायची. लुगड्याचा काष्टा घट्ट कसून, पदर कमरेला खोचून मी सायकलवर चढायची... आणि पडायची. कडुलिंबाच्या मोहोराचा वास, फुफाट्याची धूळ, आणि मागून त्याचा आवाज – "समोर पाह्य! चाकाकडे नको पाहू!"

"मंग कोनाकडे पाहू?"

"...रस्त्याकडे पाह्य मनलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मला चालवता येऊ लागली, तसा तो कडक होत गेला. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडा कुठून येतो ते शोधायला लावायचा. मी ठिगळ चिकटवलं की तो ते ओढून काढायचा. "पुन्हा कर."

"लागलं होतं की बराबर!"

"वाटंत मी राहीन का, तुले सांगाले?"

पाण्यात त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. आम्ही दोघांनीही हात काढले नाहीत... मग मायेच्या बांगड्या वाजल्या आणि दोघांनीही एकदमच काढले.

पण बाजारात बाया मला पाहून गप्प होऊ लागल्या. एक दिवस तर कुणीतरी मायेला तोंडावर विचारलं, "लगन ठरवलं का दुकानवाल्यासंग?" त्या संध्याकाळी बा शालिकरामला विहिरीपाशी घेऊन गेला. काय बोलणं झालं, कळलं नाही. परत आल्यापासून शालिकराम माझ्याकडे पाहीनासा झाला.

दुसऱ्या दिवशी उतारावर माझा तोल गेला. गुडघा फुटला, रक्त पोटरीवर ओघळलं. तो धावत आला, माझा पाय पाहिला आणि तोंड फिरवून म्हणाला, "राहू दे अकोला."

"काय मनलं?"

"राहू दे मनलं. नाई जमत तुले."

त्या शब्दांनी गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. मी उठले, सायकल उचलली आणि त्याच्यादेखत तो उतार पुन्हा उतरले. डोळ्यांत पाणी होतं, पण हँडल हललं नाही. "आता सांग, जमत नाई का?"

शेवटच्या दिवशी त्यानं साखळीला तेल दिलं, चाकं तपासली, पिशवीत ठिगळं, सोल्यूशन आणि पाने ठेवले, दांडीला हवेचा पंप बांधला. म्हणाला, "मी संग येनार नाई."

"कोन बलावलं तुले?" मी म्हटलं. रात्री मात्र उशी ओली झाली.

झुंजूमुंजू झालं आणि मी निघाले. मायेनं भाकरी बांधून दिली. बा वेशीपर्यंत सायकलचं कॅरिअर धरून चालला. मग त्यानं हात काढला.

शेलूपर्यंत पाय हलके होते. पुढं ऊन चढलं, आणि एका माळावर सायकल जड झाली. मागच्या चाकात बाभळीचा काटा! आसपास सावली नाही, माणूस नाही. ट्यूब काढून हवा भरली, पण बुडवायला पाणी कुठलं? प्यायच्या पाण्याचे चार थेंब शिंपडले, तेव्हा बुडबुडा दिसला. पहिलं ठिगळ सुटलं. "पुन्हा कर," मी स्वतःलाच म्हटलं, आणि त्याचा इतका राग आला, इतका राग आला... की दुसरं ठिगळ पक्कं बसलं.

लांबून जऊळक्याचं स्टेशन दिसलं, तेव्हा सिग्नल पडला होता. मी कशी पोचले, माझं मला आठवत नाही. फाटकाशी उतरले. कुणीतरी सायकल धरली.

शालिकराम! धुळीनं माखलेला, ओठ सुकलेले.

"तू? इथं कसा?"

"कालच निंगालो, पायदळ. तुह्या बानं शबूद घेतला होता, रस्त्यानं तुह्यासंग दिसाचं नाई. ठेसनाचा शबूद नोता घेतला."

गाडी धडधडत आत आली. मी त्याला सोडणार नव्हते. "त्या दिशी 'राहू दे' काहून मनलं?"

त्यानं हँडल घट्ट धरलं. "रोज तुले शिकवाचो, आन रोज मनात ये... हे आज पडो, हिले न जमो. जमलं तं तू जाशीन ना! मंग स्वोताचीच लाज वाटे. मंग अजून कसून शिकवो. त्या दिशी तोंडातून निंगून गेलं. लय वंगाळ मानूस हावो मी, तुळसा."

गार्डानं शिट्टी दिली. मी डब्यात चढले आणि खिडकीशी आले. तो चालत होता, एका हातानं सायकल ढकलत.

"तिथं किती वरसं लागतीन?" त्यानं विचारलं.

"निवडलं तं दोन. थांबसान का?"

तो चालता चालता अडखळला. "थांबसान? आजवर तं 'अरे-तुरे' करत होती..."

"आता नाई करत," मी म्हटलं. चेहरा तापला होता, पण मान खाली घातली नाही. "गावात गेल्याबरोबर बाले इचारा. सांगा, तुळसा हो मनून राह्यली. तुमच्या तोंडानं सांगा."

गाडीनं वेग घेतला. सायकल तिथंच आडवी टाकून तो फलाटाच्या टोकापर्यंत पळत आला. दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता... चाकांच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. पण तो हसत होता, एवढं मला लांबपर्यंत दिसत राहिलं.