पायावरचं पाणी

मे महिन्यातल्या त्या दुपारी औंढ्यातल्या घरी मानसी प्रबंधाची छायाचित्रे लावत भावाची वाट पाहत होती. सुहास लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवी. बहिणीला प्रबंधासाठी हिमनदी पाहायची आहे म्हटल्यावर त्याने तीच गाडी थेट हिमाचलात नेली. घाटामागून घाट, सरोवरामागून सरोवर. आठ दिवस दोघे मनमुराद हिंडले. परीक्षा तोंडावर आल्याने ती रेल्वेने पुढे आली. तो चार दिवसांनी, आज पोहोचणार होता.

तिला एकच गोष्ट टोचत होती. शेवटच्या सरोवराशी, हिमनदीच्या तोंडचे पाणी आणायला तिनेच त्याला धाडले होते. तो बर्फाच्या कड्याआड गेला आणि तिच्या घड्याळाप्रमाणे चोवीस मिनिटे दिसला नाही. परतल्यावर भरलेली बाटली पुढे करत म्हणाला, "दोन मिनिटं तर लागली, बाई! लगेच तोंड कशाला पाडतेस?"

त्यानंतर त्याने गाडीतला हीटर एकदाही लावला नाही.

तो परतल्यावर तिने त्या उताराचे छायाचित्र काढले होते. आता ते मोठे करून पाहिले. ताज्या बर्फात बुटांच्या ठशांची एकच ओळ होती. कड्याकडे जाणारी. त्याच ठशांत पाय टाकत तो परतला असेल, असे तिने मनाला समजावले. अशक्य नव्हते ते.

अंगणात गाडी थांबली. तिची आई सरुबाई भाकरीचा तुकडा घेऊन लगबगीने दाराशी गेली. लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालून, तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्या घरात कुणी उंबरा ओलांडत नसे. जाता जाता आईने फळीवरची, मानसीने रेल्वेतून सोबत आणलेली ती सरोवराकडची बाटली उचलली.

"त्येनंच आणल्यालं हाय, हेच घालते."

"आई, थांब... ते नको."

"का गं? तुजं कालेजाचं काम ऱ्हाऊ दे बाजूला. उन्हातनं आलंय लेकरू."

सुहास उंबऱ्याबाहेर ताटकळत हसला. "घाल की, आई. त्याबिगर मला आत येता यायचं न्हाई..."

आईने पाणी घातले. चार दिवस फळीवर तापून ते कोमट झाले होते; त्याच्या पायावरून वाहून अंगणात जिरले. आईने तुकडा ओवाळून टाकला.

"ये बाबा, आत ये."

तो आत आला. घाटातल्या गर्दीला नावे ठेवत बसला. चहाचा कप त्याने दोन्ही हातांत धरून ठेवला, ओठाला मात्र लावला नाही. मग कप तसाच ठेवून आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

भिंतीवरचा तापमापक सदतीस अंश दाखवत होता.

"गार झाला असंल त्यो," आई चुलीपाशी वळत म्हणाली. "वतून टाक. दुसरा ठिवते."

मानसीने मोरीवर जाऊन कप उपडा केला. चहा सांडला नाही.