इशारा द्यायचा, उत्तर नाही

“यादी तू लिही, द्वारके. तुझं अक्षर बरंय,” बन्सी म्हणाला आणि त्यानं वहीचं कोरं पान तिच्यापुढे सरकवलं.

द्वारकेनं वर लिहिलं, ‘संशयित’. खाली रेघ मारली. मग उगाचच आणखी एक मारली.

“नक्षी नको काढू, नावं लिही,” सूर्यभान म्हणाला. तो चिंचेचा आकडा चोखत होता. तपास म्हटला की त्याला आधी भूक लागायची.

द्वारकेचा हात थांबला. कारण या यादीत एकच नाव लिहायला हवं होतं आणि ते तिला तोंडपाठ होतं. ते तिचं स्वतःचं होतं.

झालं होतं ते असं. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या वाचनालयात पुण्याहून एक मासिक यायचं. त्यातलं शब्दकोडं म्हणजे डोक्याचा भुगा! प्रत एक आणि सोडवणारे पंधरा, म्हणून ग्रंथपाल तात्यासाहेब व्हरांड्यातल्या काळ्या भिंतीवर खडूनं मोठ्ठे चौकोन आखायचे. महिनाभर लोक येत, चहा पीत, भिंतीपुढे वाद घालत. वर पांढऱ्या रंगात नियम लिहिलेला होता, ‘इशारा द्यायचा, उत्तर नाही.’ ज्याला उत्तर माहीत असेल त्यानं दुसऱ्याला फक्त वाट दाखवायची. ज्याला शब्द सुटला त्यानंच तो भिंतीवर लिहायचा.

उत्तरं मासिकाच्या शेवटच्या पानावर छापलेली असायची. म्हणून तात्यासाहेब शेवटची दोन पानं खळ लावून चिकटवायचे आणि त्यांच्या जोडावर वाचनालयाचा जांभळा शिक्का मारायचे, अर्धा या पानावर, अर्धा त्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर पान उघडायचं.

या महिन्यात ते गुरुवारीच उघडलेलं सापडलं.

आणि आळ आला कडूबाकाकांवर.

कडूबाकाका सिल्लोडकडचे. हर्सूल तलावापलीकडे त्यांच्या शेळ्या होत्या. सकाळी शहरात दूध घालायचं आणि मग व्हरांड्यात येऊन भिंतीपुढे उकिडवं बसायचं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण इशारे असे द्यायचे की ऐकणाऱ्याला शब्द सुटल्यावर आपणच हुशार असं वाटायचं. सतरा आडवा शब्द महिनाभर कुणालाच सुटला नव्हता: ‘स्वतःची जीभ नाही, तरी शेवटचा शब्द याचाच.’ चार घरं. गुरुवारी कडूबाकाकांनी द्वारकेला इशारा दिला आणि तिनं ‘प्रतिध्वनी’ लिहिलं. तासाभरानं तात्यासाहेबांना पान उघडं दिसलं.

“इशारा कुणी दिला तुला?” निवृत्त हेडक्लार्क नानासाहेबांनी विचारलं होतं.

“कडूबाकाकांनी,” द्वारका म्हणाली होती. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणून तर ते जास्त टोचत होतं.

“बघा, दोन बुकं शिकलेल्या माणसाला हा शब्द सुटतो, आणि त्याच दिवशी पान उघडतं,” नानासाहेब म्हणाले. “तात्या, चौकशी होईपर्यंत यांना इथं बसू देऊ नका.”

तात्यासाहेब चष्मा पुसत राहिले. कडूबाकाकांनी एकदा द्वारकेकडे पाहिलं, पायात वहाणा सरकवल्या आणि ते गेले. तेव्हापासून भिंतीपुढची त्यांची जागा मोकळीच होती.

“मी मघाशी पान बघून आलो,” सूर्यभान म्हणाला. “कागद फुगलाय. म्हणजे वाफेवर उघडलंय. शिक्क्याची शाईपण ओली होऊन पसरलीय. चोराच्या अंगठ्याला जांभळं लागलं असणार, आणि ती शाई आठ दिवस निघत नाही. सगळ्यांचे अंगठे तपासू या.”

“आधी आपले,” बन्सी म्हणाला. “उगाच कुणी बोलायला नको.”

दोघांनी हात पुढे केले. द्वारकेनं डावा हात पुढे केला.

“उजवा,” सूर्यभान म्हणाला.

तिनं उजवा काढला. अंगठा मेंदीनं लालबुंद होता.

“कुणाचं लग्न आहे?”

“कुणाचं नाही. अशीच लावली.”

“एकाच अंगठ्याला?” बन्सीनं हळूच विचारलं.

द्वारकेनं वही मिटली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. गुरुवारी सकाळी तात्यासाहेब टेबलावर मासिक आणि शेजारच्या स्टोव्हवर उकळती किटली तशीच टाकून पाणी भरायला गेले होते. भिंतीवर आजपर्यंत मोठ्यांचीच अक्षरं होती. तिला एकदा, फक्त एकदा, स्वतःचं अक्षर तिथं बघायचं होतं. तिनं एकच उत्तर पाहिलं. पान परत चिकटलं नाही.

“म्हणजे कालपासून मी तुलाच शोधतोय?” सूर्यभान म्हणाला. “आणि तू माझ्याबरोबर फिरतेस? वर माझी चिंच खातेस?”

एरवी द्वारका खो खो हसली असती. आज तिला रडू आलं.

“आधी काकांकडे,” बन्सी सायकल काढत म्हणाला.

दिल्ली दरवाजा मागे टाकून तिघं हर्सूलच्या रस्त्याला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. तलावापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी कडूबाकाका बाभळीखाली बसले होते. त्यांनी काटकीनं मातीत चौकोन आखले होते. ते एकटेच कोडं सोडवत होते.

ते बघून द्वारका पाठ केलेली सगळी वाक्यं विसरली. “काका, पान मी उघडलं,” एवढंच ती म्हणाली.

“ठावं हाय,” काका म्हणाले.

“कसं काय?”

“मी काय म्हणलो व्हतो तुला, आठीव. ‘पोरी, शेळी चुकली म्हंजी मी डोंगराकडं...’ एवढंच. डोंगराकडं बघतो का जातो, काय बी सांगितलं नवतं. हाक मारतो, हे तर लई लांब ऱ्हायलं. अन् तू निम्म्या इशाऱ्यावर खडू उचलला.” ते थोडंसं हसले. “एवढी हुशार तर माझी शेळी बी नाय.”

“मग नानांना सांगितलं का नाही तुम्ही?” बन्सीनं विचारलं.

“इशारा द्यायचा, उत्तर नाय. आपलाच कायदा हाय नव्हं? मी जाताना हिच्याकडं बघितलं. तोच इशारा व्हता.”

द्वारकेला ती नजर आठवली. कालपासून तिला वाटत होतं, ते रागानं बघत होते.

“काका, उद्या शनिवार आहे. तुम्ही याल?”

“तिथं बसायची मनाई हाय मला.”

“मग उभे राहा,” सूर्यभान म्हणाला.

रात्री द्वारकेला जेवण गेलं नाही. पण पहाटे तिला एक कल्पना सुचली आणि तिनं धावत जाऊन बन्सीला उठवलं.

शनिवारी व्हरांडा भरला होता. भिंतीच्या कोपऱ्यात एक नवीनच इवलंसं कोडं होतं. एक आडवा शब्द, एक उभा, दोघांना तीन तीन घरं.

“हे काय?” तात्यासाहेबांनी विचारलं.

“मुलांतर्फे,” बन्सी म्हणाला. “नाना सोडवतील. आहे तसं अवघड.”

नानासाहेबांनी खडू घेतला. “आडवा शब्द, ‘पान उघडणारा हात’. अरे, यात अवघड काय? कडूबा. तीन घरं, बरोब्बर बसतं.” त्यांनी लिहूनही टाकलं. लोक हसले. पायरीखाली उभे असलेले कडूबाकाका जमिनीकडे बघत राहिले.

“नाना, उभा शब्दपण बघा की,” सूर्यभान म्हणाला.

“‘एकानं केला, दुसऱ्याच्या पदरात पडला.’ चूक? नाही, तीन घरं. हां, कसूर!” नानांनी क लिहिला, सू लिहिला, आणि खडू थांबला. र च्या घरात आधीच डू बसला होता.

“एका घरात दोघं राहणार कसे, नाना?” सूर्यभाननं भाबडेपणानं विचारलं.

“उभा शब्द तर पक्का आहे,” तात्यासाहेब पुटपुटले. “म्हणजे आडवा चुकला. मग मधलं अक्षर र... कोण बरं? द्वारके, तुम्ही रचलंय ना हे? इशारा दे.”

द्वारका उठली. ती पुढे आली. तिनं ‘कडूबा’ पुसलं.

“आज इशारा नाही, तात्या. आज उत्तर.”

आणि तिनं त्या तीन घरांत आपलं नाव लिहिलं. द्वा. र. का. कितीतरी दिवस तिला भिंतीवर स्वतःचं अक्षर हवं होतं. ते असं येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं किटलीपासून मेंदीपर्यंत सगळं सांगितलं. मग फडकं घेऊन सतरा आडवाही पुसून टाकला.

नानासाहेब खडूकडे बघत उभे होते. “घरं बरोबर बसली, म्हणून मी दुसरं काही बघितलंच नाही,” ते शेवटी म्हणाले. मग पायऱ्या उतरून खाली गेले. “कडूबा, चुकलं माझं. वर चला. सतरा आडवा तुमचा आहे.”

“द्या मग खडू,” काका म्हणाले.

खडू द्वारकेनं दिला. काकांनी एकेक अक्षर सावकाश काढलं. ‘ध्व’ जरा वाकडा आला, पण तो कुणी सरळ केला नाही.

“पोरांनी कोडं मात्र झकास रचलं,” तात्यासाहेब म्हणाले. “मीच किटली आणि मासिक एकत्र टाकून गेलो, त्याचं काय? आणि सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला छाती लागते, द्वारके. पण शिक्षा मिळेलच. पुढच्या महिन्यापासून खळ शिजवायची आणि पान चिकटवायचं तू. ते कसं उघडतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?”

एक तारखेला नवा अंक आला. द्वारकेनं दोन वेळा खळ लावली, जोडावर दाबून शिक्का मारला आणि किटली स्वतः उचलून लांब ठेवली. अंगठा जांभळा झाला.

“दाखव,” सूर्यभान म्हणाला.

तिनं दाखवला. जुन्या मेंदीचा फिकट डाग अजून खाली दिसत होता. भिंतीपुढे उकिडवे बसलेले कडूबाकाका मान न वळवता म्हणाले, “पोरी, पहिला उभा शब्द. इशारा देऊ?”

“द्या,” द्वारका त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. “पण पूर्ण द्या, काका. मला काहीच माहीत नाही.”