परस्पर दिलेला शब्द

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसला होता. नुसता बसला नव्हता, तिची उंची खालीवर करून बघत होता!

"ही माझी जागा आहे," मी म्हटलं.

"अरे... सॉरी हं. मला वाटलं, रिकामी आहे." तो उठला, हसला आणि जाता जाता माझ्या स्क्रीनवर एक नजर टाकून गेला. ती नजर मला खटकली. तसं मला बरंच काही खटकतं. आई म्हणते, हिच्यासमोर देव उभा राहिला तरी ही आधी ओळखपत्र मागेल.

आम्ही एका नाट्यगृहासाठी तिकिटांचा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहीत होतो. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एकदा ठेवलेली गोष्ट बदलत नाही, म्हणून तर मला ती आवडते. अगदी बदलायचंच असेल, तर एक बंद खोली मिळते. आत खुर्च्यांचा अ‍ॅरे, म्हणजे खणांची रांग, हवी तशी बदला; बाहेर नेताना मात्र तिची प्रत काढून गोठवा. बदलती रांग तशीच बाहेर न्यायला गेलात, तर टाइप, म्हणजे तिची जात, जुळत नाही आणि प्रोग्राम तपासणारा कंपायलर दारातूनच हाकलून देतो. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही.

हा नवा आमच्या टीममध्ये रुळला आणि माझा प्रोग्राम बिघडला. बुकिंगच्या आधीचा खुर्च्यांचा नकाशा मी गोठवून ठेवलेला. त्यात तोवर कुणीही न घेतलेल्या खुर्च्या विकल्या गेलेल्या दिसायला लागल्या. उद्या नाट्यगृहाची माणसं बघायला येणार होती. तोवर नीट झालं नाही, तर आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम हे काम माझ्याकडून काढून घेणार होत्या.

त्यात तो जिन्यात फोनवर बोलताना कानावर आला. "हो गं ताई, ती येईल म्हटलं ना... नाही, तिला अजून काही माहीत नाही."

कुठेतरी पाणी मुरत होतं! मी मॅडमकडे तक्रार करायलाच निघाले, पण वाटेत त्याच्या टेबलाशी थांबले.

"आधीच्या नकाशाला तुम्ही हात लावलात?"

"लावला ना," तो चक्क म्हणाला. "प्रोग्राम फार हळू चालतो, असं जेवताना म्हणालात... म्हणून प्रत काढणं बंद केलं. तीच रांग गोठवली."

"प्रत न काढता? आणि कंपायलरनं चालवून घेतलं?"

"शब्द द्यावा लागतो त्याला. यापुढे या रांगेत कुणी लिहिणार नाही, असा. तो विश्वास ठेवतो, तपासत नाही."

"अहो, पण पुढच्याच ओळीत मी त्याच रांगेत लिहिते! बुकिंग तिथेच होतं!"

त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे मला न विचारता माझ्या वतीनं शब्द देऊन मोकळे झालात?"

"चुकलं," तो हळूच म्हणाला. "मदत करायची होती... तुमच्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं."

आम्ही शेजारी बसून प्रत काढायची ओळ परत घातली. प्रोग्राम चालवला. आधीचा नकाशा जागचा हलला नाही. त्याच्या शर्टाला नुकत्याच केलेल्या इस्त्रीचा वास होता – आणि मी काही तो मुद्दाम घेत नव्हते.

"आणि जिन्यातली ताई?" मी विचारलं.

"सख्खी बहीण. तिला सांगून बसलोय, रविवारी... तुम्हाला घरी चहाला आणतो म्हणून."

"मी हो कधी म्हटलं?"

"नाहीच म्हटलंत."

परत तेच! मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच मला संशय आला.

"आधी तो शब्द मागे घ्या," मी म्हटलं.

त्यानं पडलेल्या चेहऱ्यानं फोन लावला. "ताई, ती येणार नाही... नाही गं, मी तिला विचारलंच नव्हतं."

"आता विचारा."

फोन तसाच हातात धरून तो माझ्याकडे वळला. "तू... येशील? मला तू फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"ताई, नमस्कार. मी रविवारी येतेय. मलाही तुमचा भाऊ आवडतो."

पलीकडून प्रश्न आला, "खरंच तूच ती आहेस ना? का यानं ऑफिसातलं कुणीतरी उभं केलंय?"

ही नणंद मला तिथल्या तिथे पसंत पडली.