सांतोच्या हाताचा वास

"यात कोंबडी कुठे आहे?" मी विचारलं.

काउंटरपलीकडचा तरुण गोंधळला. तो नुकताच मोटरसायकलवरून उतरला होता. वाऱ्याने केस उभे, खांद्यावर कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याचं पोतं, आणि पोत्यावर हे एवढं मोठं कोंबडीचं चित्र.

"ही काय, मिस! घटकांमध्ये पहिलं नाव तिचंच आहे की."

"असणारच. कच्ची, ओली तोललीय ना! शिजून वाळल्यावर उरते किती? आणि खाली बघा... मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा. एकाच मक्याचे तीन तुकडे करून तीन ओळींत बसवलेत. तिन्हींची बेरीज केली, तर तुमची कोंबडी कुठच्या कुठे मागे पडेल."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तोही हसला, आणि याचाच मला राग आला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. मी घाईघाईने पुन्हा पोत्याकडे बघायला लागले.

"तुम्ही सगळ्यांचीच बारीक अक्षरं वाचता का, मिस?"

"ज्यांना काही लपवायचं असतं, त्यांचीच."

"मग मलाही वाचा एकदा. माझं नाव सांतो."

मी लुनिंगनिंग. सगळं गाव निंग म्हणतं. बालायानच्या किनाऱ्यावरचं हे पशुखाद्याचं दुकान इनायचं, माझ्या आईचं. पण मागच्या शेडमध्ये जे दाणे तयार होत, ते माझे. लॉस बान्योसला जाऊन पशुआहार शिकले ते याचसाठी. तुलिंगान मासा, अंडी, तांदळाचा कोंडा, रताळं... कुत्र्याच्या पोटात काय जातंय ते मालकाला ताठ मानेने सांगता यावं, एवढीच माझी हौस. गावच्या सोसायटीने मला दाणे पाडायचं यंत्र दिलं होतं, पण एका अटीवर. वार्षिक सभेत सभासदांनी माझे दाणे पसंत केले तर यंत्र माझ्याकडे राहणार. नाहीतर यंत्र परत, आणि मी मनिलाला, मावशीने बघून ठेवलेल्या कारखान्यात, दुसऱ्यांच्या मक्याला नावं शोधत बसायला. सभेत माझ्यासमोर उभं राहणार होतं ते नेमकं सांतो ज्या कंपनीचा माल विकत फिरायचा, तिचं पोतं.

मी काचेची बरणी त्याच्यापुढे सरकवली. "हे माझे. चित्र नाही, कारण गरज नाही."

त्याने एक दाणा मोडला, हुंगला, आणि चक्क तोंडात टाकला! मग म्हणाला, "तपासणीचा कागद?"

मी तोऱ्यातच दिला. त्याने तो वाचला, अगदी मन लावून वाचला. मग पुढे वाकला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "प्रोटीन झकास आहे, मिस. पण राख फार आहे. म्हणजे जाळल्यावर मागे उरतं ते. माशांची डोकी आणि काटे जास्त पडताहेत. वाढत्या पिल्लांना एवढं कॅल्शियम बाधेल."

"तुम्ही तुमचा मका सांभाळा!"

तो गेला. मी दिवसभर भांडी आपटली. मग कागद काढून पुन्हा हिशेब मांडला. त्याचं बरोबर होतं. मी गर्विष्ठ आहे, हे गावात कुणालाही विचारा. पण पिल्लांच्या हाडांवर गर्व मिरवणारी मी नाही.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा मी नजर न उचलता म्हटलं, "डोकी आणि काटे काढायला हवेत. काढणार कोण?"

त्याने बाह्या सारल्या.

मग तो दर शनिवारी यायला लागला. मासे साफ करायचा, पाणी आणायचा, शेडचा पत्रा ठोकायचा. आमच्याकडे एखादा मुलगा असा मुलीच्या अंगणात राबायला लागला, की तो कशासाठी आलाय हे कुणी विचारत नाही. सगळे थेट चिडवायलाच लागतात.

"इहो, बाळा," इनाय म्हणायची, "पाणी भरायला आलास की पोरीला बघायला?"

"दोन्ही, इनाय. पण पाणी आधी संपतं."

"ही लवकर उत्तर देणारी नाही हं! हिच्या बापाला मी दोन वर्षं राबवला होता."

"मला घाई नाही. मी रांगेत उभा आहे."

"रांगेत तू एकटाच आहेस," मी म्हटलं.

"म्हणून तर बरं वाटतंय..."

मी हसू दाबायला मान वळवली. ते त्याला दिसलं, हे मला दिसलं.

एकदा मी विचारलंच, "तू तर माझ्या विरोधातला. मग माझेच दाणे कशाला सुधारतोस?"

त्याने सुरी खाली ठेवली. "मी पोती विकतो, निंग. त्यात काय असतं ते ठरवणारे दुसरेच. तू बरणी पुढे केलीस ना, तशी एखादी वस्तू मला आजवर कुणापुढे ठेवता आली नाही."

मी ती सुरी उचलली आणि त्याच्या शेजारी बसून मासे साफ करायला लागले. 

सभा भरली बास्केटबॉलच्या कोर्टवर, पत्र्याच्या छपराखाली. सोसायटीचे अध्यक्ष लोलो बेर्तिंग, म्हणजे सगळ्या गावाचे आजोबा, यांनी सांगितलं, "सभासदांची दहा कुत्री एकेक करून सोडू. कुणाला शंका नको. निंगचं भांडं सांतो ठेवेल, सांतोचं निंग. कुत्रं आधी ज्याला तोंड लावेल, त्याला त्याचं मत."

मी कलामान्सी लिंबाने हात घासून, इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घालून आले होते. सांतो मात्र पळतपळत आला, हात पँटला पुसत. सभेच्या जेवणाचे तुलिंगान साफ करायला इनायने त्याला सकाळपासून बसवलं होतं.

पहिला बंताय नावाचा कुत्रा सुटला. थेट माझ्या भांड्याकडे! मग दुसरा, तिसरी... दहापैकी नऊ कुत्री माझ्याकडे आली. कोर्ट दणाणलं. इनाय डोळे पुसायला लागली. माझी छाती अभिमानाने अशी भरून आली, की श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आणि मग मी खाली बघितलं. भांड्यातले दाणे अर्धे तसेच होते, आणि बंताय सांतोची बोटं चाटत होता. बाकीची कुत्रीही त्याच्याभोवती शेपट्या हलवत गोळा झाली होती.

सांतोने माझी नजर बघितली, मग स्वतःचे हात बघितले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"निंग... नको," तो पुटपुटला. "जिंकलीयस तू. गप्प बस ना."

"हे माझं जिंकणं नाही."

"यंत्र जाईल. तू जाशील!"

"जाईन. पण खोटं जिंकून इथे राहणार नाही."

मी पुढे झाले. "लोलो, ही मतं माझ्या दाण्यांना नाहीत. सांतोच्या हाताला माशाचा वास आहे, त्याला पडलीत. परत घ्या."

"अरे देवा, ही पोरगी!" इनायने कपाळावर हात मारला.

लोलोंनी स्वतःचे हात धुऊन भांडी मांडली, जागा बदलून. यावेळी सहा कुत्री सांतोच्या भांड्याकडे गेली, चार माझ्याकडे. 

"त्या दाण्यांवर चरबी फवारलेली असते," मी म्हटलं. माझी मान खाली गेली नाही. "चवीत मी हरले, कबूल. पण पोटात काय जातं, तेही विचारा की."

"माझं कुत्रं तर चपलाही चवीने खातं," म्हाताऱ्या लोला इस्तेर म्हणाल्या. "तू बोल, पोरी. शेवटी ठरवायचं आम्हा सभासदांनी."

मी बोलले. दोन्ही दाण्यांतला ओलावा वजा करून बघा, म्हटलं. मग मासा आणि अंडी किती, मका किती, ते सांगितलं. माझ्या दाण्यांत आधी राख जास्त होती, तेही सांगितलं, आणि ते कुणी दाखवून दिलं, तेही.

लोलो सांतोकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

सांतो उठला. त्याची कंपनी, त्याची नोकरी, सगळं त्या पोत्यात होतं. "माझा माल वाईट नाही, लोलो. कुत्रं त्यावर जगतं. पण माझ्या कुत्रीला पिल्लं झाली, तर मी निंगचे दाणे नेईन."

"जी पोरगी जिंकलेला डाव पुन्हा मांडायला लावते, तिच्या पोत्यात भेसळ नसणार," लोला इस्तेर म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर केला. मग शेजारणीने, मग मागच्या रांगांनी. मोजायची वेळच आली नाही.

यंत्र माझं राहिलं. मी राहिले. आणि सांतो हरूनही असा उभा होता, जणू मिरवणूक त्याचीच निघालीय.

"काय रे," लोलो ओरडले, "हरलास ना? मग हसतोस कशाला?"

"आमची निंग जिंकली ना, लोलो!"

कोर्टभर शिट्ट्या, टाळ्या, हुर्यो... त्याचे कान लाल झाले. मी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले.

"आमची? कधीपासून?"

"तू... तू उत्तर देशील तेव्हापासून," तो अडखळत म्हणाला. एवढं बोलणारा माणूस, पण आता त्याला माझ्याकडे बघवतही नव्हतं.

मी सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.

"मग आजपासून," मी म्हटलं, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.