खिशातलं बूच

बोटीत पाणी दिसलं की लोक आधी घाबरतात. मी आधी चव घेतो. गोडं असलं तर पावसाचं नाहीतर टाकीचं, खारट असलं तर समुद्राचं. निम्मं काम जीभच करते. इंजिन आत बसवलेल्या बोटीत पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. इंजिनाचा दांडा तळातून बाहेरच्या पंख्याकडे जातो तिथलं पाणी अडवणारं ग्लँड, इंजिन गार ठेवणारे पाइप, सुकाणूचा खांब आणि मागच्या फळीतलं बुचाचं भोक. बाकी सगळ्या बाता.

बुचाचा आमच्या यार्डात एक नियम आहे. बोट जमिनीवर ओढली की तळातलं पाणी जायला बूच काढायचं, आणि ज्याने काढलं त्याने ते स्वतःच्याच खिशात ठेवायचं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. बोट पाण्यात सोडण्याआधी त्यानेच परत लावायचं. तरी कधी ना कधी प्रत्येकाचं बूच खिशातच राहतं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचंही राहायचं. मग हा पठ्ठ्या कमरेएवढ्या पाण्यात शिरून भोकावर बाहेरून अंगठा दाबून धरायचा आणि माझ्यावर ओरडायचा, "अरे, हसतोस काय? पाना आण!" तरुणपणी त्याचा तो अंगठा इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता. पेरावर आडवा, जाड वण होता. भोक बरोब्बर त्या अंगठ्याएवढं.

दादा स्वतःच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी घ्यायला एकटाच गेला आणि परत आला नाही. बोट खाडीच्या तोंडाशी सापडली. इंजिन चालू, गिअर सुटा, तळ कोरडा, आणि यार्डात वर ओढली तेव्हा मागचं भोक उघडं. ओढून आणताना बूच पडलं असेल, असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. त्या दिवसांत कोणी काहीही म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. रडू येत नव्हतं. भूक मात्र वेळेवर लागायची आणि त्याची लाज वाटायची.

वहिनीने बोट विकली नाही.

"पलीकडच्या कारखान्यातल्या बायकांची ने-आण मला मिळतेय," ती म्हणाली. "बोट मीच चालवणार. पाणी येणार नाही एवढं तुम्ही बघा, भाऊजी. पोरीला आता एकटी मीच आहे."

"एवढंच ना," मी म्हणालो. कामाला लागलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

नवं पितळी बूच आणलं, पान्याने आवळलं आणि बोट धक्क्याला बांधली. सकाळी तळात घोटाभर पाणी. चाखलं. खारट.

ग्लँडमधली डोरी बदलली. पाइपांचे क्लॅम्प बदलले. मग तळ फडक्याने टिपून कोरडा केला आणि तोंडाला लावायची साधी पावडर सगळीकडे भुरभुरली. पाणी जिथून येतं तिथून पावडरीत ओघळ उमटतो, लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी ओघळ थेट मागच्या फळीपासून निघालेला. बोट वर ओढून पाहिली तर बूच सैल, नुसत्या हाताने फिरत होतं.

इंजिनाच्या थरथरीने बूच सैल होतं, कबूल. पण इंजिन मी सुरूच केलं नव्हतं.

वॉशर बदलला. आटे घासले. पान्याला अक्षरशः लोंबकळलो. मग जमिनीवरच नळीने बोटीत पाणी भरलं आणि तिच्याखाली उताणा पडून राहिलो. आतून भरलं की गळती बाहेर दिसते. एक थेंब पडला नाही. बोट पुन्हा धक्क्याला नेली आणि दुपारपर्यंत तळात पाणी. बूच पुन्हा सैल.

"नवं बूच लावायच्या आधी येत होतं का पाणी?" वहिनीने विचारलं.

"आधी बूचच नव्हतं, वहिनी."

"तेच म्हणतेय मी."

मी हसलो. ती हसली नाही.

फेऱ्या सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नुसती चाचणी घ्यायची ठरली. सकाळी बोट वर घेतली, बूच काढलं, पाणी जाऊ दिलं, तळ पुसला, ताजी पावडर टाकली. आणखी जाड वॉशर आणावा म्हणून शेडकडे निघालो, तेवढ्यात बोटी ओढायच्या विंचवरचा गडी ओरडला, "सोडू का? ओहोटी लागलीय!"

मी मान डोलावली. सवयच झाली होती.

वहिनी सुकाणूच्या चाकाशी बसली, मी मागे इंजिनाच्या झाकणावर. ऊन स्वच्छ होतं. धक्का लहान होत गेला. नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला पितळ लागलं.

काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. मी तळ बघायची मागची झडप उघडली.

पावडर पांढरीशुभ्र. कोरडी ठणठणीत.

भोक होतं तिथेच होतं. त्यातून पाणी येत नव्हतं. उजेडही येत नव्हता.

मी वाकून तर्जनी आत घातली.

बाहेरून काहीतरी दाबून धरलेलं होतं. गार. फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेलं. मी त्यावरून तर्जनीचं टोक फिरवलं.

आडवा, जाड वण.

मी जरा दाबलं. पलीकडूनही दाबलं गेलं.

मला भीती वाटली नाही. दादाची आठवण आली, इतकंच. रडू तेव्हाही आलं नाही.

"पाणी आहे का?" वहिनीने विचारलं. मान वळवली नाही.

"नाही."

"थेंबही नाही?"

"कोरडं आहे."

"आणि बूच?"

मी हातातल्या बुचाकडे पाहिलं. "खिशात राहिलं," म्हणालो.

 वहिनीने इंजिनाचा वेग कमी केला, अगदी चालण्याएवढा.

"हळूच नेते," ती म्हणाली. "पंखा त्याच्या पायांशीच आहे."