नमस्कार राहिला

"ताई, पाठ वाकली आहे. बार बंद केला."

कालिंदी आवळेने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सकाळी सात वाजता अख्ख्या व्यायामशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्याच पाठीला उत्तर दिलं, "कर बंद! कुलूप लाव आणि किल्ली विहिरीत टाक!"

बोलली होती ती अर्थात पाठ नव्हे, पाठराखा. मणक्यावर चिकटवलेली ही बोटभर रुंदीची पट्टी स्नायूंतले सूक्ष्म विद्युतप्रवाह वाचायची आणि पुढच्या क्षणी पाठीवर किती ताण येणार ते ताडायची. धोका दिसला की पायाखालच्या ओट्यातलं चुंबक वजनाच्या बारला जमिनीशी जखडून टाकायचं. मग साक्षात मारुतीराया आला तरी तो हलणार नाही.

मिरजेतल्या या ओट्यावर कालिंदी बावीस वर्षं लोखंड उचलत होती. एकशेदहा किलो जमिनीवरून उचलणाऱ्या या बाईची मणक्यातली गादी सरकली कशाने, तर जावेचा गॅस सिलिंडर जिन्याने वर नेताना! गेले आठ महिने नातेवाइकांना सल्ले द्यायला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यात विमा कंपनीची अट. शनिवारपर्यंत साठ किलो तीनदा उचलून दाखवायचे, नाहीतर कायमची वजनबंदी. म्हणजे यापुढे कुठल्याही व्यायामशाळेतला बार तिच्यासाठी सुटणार नव्हता. त्या विचाराने तिला रडू यायचं, एरवी नुसता संताप.

आज गुरुवार होता. तिने पाठराख्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे सावनी नावाची तंत्रज्ञ होती.

"ताई, नोंदींत दिसतंय की उचलण्याआधी दरवेळी तुम्ही गुडघे न वाकवता पाठ गोल करून खाली जाता. तेव्हा काय करता?"

"नमस्कार करते."

"कुणाला?"

"बारला. आणि कुणाला करणार? वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलंय. बारला हात लावायचा, कपाळाला लावायचा, मग उचलायचं."

"मग तेवढं सोडा ना."

"सोडून बघितलं की! तर म्हणतो, स्नायू ताठ आहेत, बार बंद. वाकलं तरी बंद, नाही वाकलं तरी बंद. जगायचं कसं माणसानं?"

सावनी हसली नाही, हे तिचं नशीब. तिने उपाय सांगितला. पाठराख्याला शिकवता येतं. वजन न उचलता पन्नास वेळा नुसता नमस्कार करायचा, म्हणजे ही हालचाल धोक्याची नाही हे त्याला कळेल.

माळीवस्ताद कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होते. विसाव्या नमस्काराला ते म्हणाले, "पोरी, एवढं तर देवाला पण कोण वाकत नाही."

"देव बार अडवत नाही, वस्ताद!" कालिंदी फणकारली आणि एकविसाव्यांदा वाकली.

शनिवारी विमा कंपनीचा कॅमेरा सुरू झाला. कालिंदी वाकली, हात कपाळाला लावला. खट् आवाज झाला, बार सुटला. साठ किलो वर आले आणि पाठ गप्प राहिली. आठ महिन्यांनी लोखंडाचं वजन पायांपर्यंत उतरलं तसे तिचे डोळे भरून आले. दुसरी उचलही अशीच झाली.

तिसऱ्यांदा मात्र घाई झाली. आनंदाच्या भरात तिने थेट बार पकडला.

"ताई, नमस्कार राहिला. बार बंद केला."

कालिंदीने बार ओढून बघितला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून बँकेतले पटवर्धन ओरडले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही पाठराखा लागला होता. "अहो, हा मला नमस्कार करायला सांगतोय! मी घरी देवाला करत नाही, इथे कुणाला करू?"

तिने तिथूनच सावनीला फोन लावला. सावनीला आनंद आवरत नव्हता. "ताई, नमस्कारानंतर तुमचा श्वास लांबतो, पाठ सैल पडते, धोका निम्म्यावर येतो! पाठराख्याने ते हेरलं आणि रात्रीत सगळ्या पट्ट्यांना शिकवलं. आता राज्यभर नमस्काराशिवाय बार सुटणार नाही."

"मी माझ्यापुरतं शिकवलं होतं गं," कालिंदी म्हणाली.

कॅमेऱ्यावर मिनिट उरलं होतं. तिने वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. बावीस वर्षं जी पाठ आपसूक वाकत होती, ती आता वाकायला तयार होईना.

"ताई, नमस्कार राहिला," पाठराखा गोड आवाजात पुन्हा म्हणाला.

दात आवळून कालिंदी वाकली. खट् झालं. साठ किलो वर आले, कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागला, पटवर्धनांनी टाळ्या वाजवल्या. वजनबंदी टळली होती. बार हातात धरून ती ताठ उभी होती आणि एकाच प्रश्नाने तिचं डोकं भणभणत होतं. आत्ता आपण वाकलो, ते नेमकं कुणापुढे?